पटकथालेखक आणि त्याचा अडत्या

वाचकहो, शेतात माल कितीही चांगला पिकला, तरी तो बाजारात गेल्याशिवाय त्याचा पैसा होत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. मालाला गिऱ्हाईक दाखवणारा, बोली लावून घेणारा आणि त्याबद्दल शेकडा काही रक्कम घेणारा अडत्याही तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. आज अशाच एका अडत्याची हकीकत सांगायची आहे. मात्र त्याच्या दुकानात कांदा किंवा गूळ येत नाही. तेथे येतात सिनेमाच्या गोष्टी लिहिलेले कागद. हे दुकान आहे अमेरिकेत, हॉलिवूडमध्ये, आणि तिकडे या अडत्याला एजंट म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हॉलिवूडच्या एजंटाशी आम्हांला काय करायचे? पण जरा विचार करा. आपल्याकडे गावोगावी लिहिणारी माणसे आहेत. शाळेच्या संमेलनासाठी दर वर्षी नवे नाटुकले लिहून देणारे गुरुजी आहेत, जत्रेच्या फडासाठी वग रचणारे आहेत. त्यांतल्या एखाद्याच्या मनात येते, की आपल्या गोष्टीचा सिनेमा व्हावा. मग पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की ही वही द्यायची कोणाच्या हातात? अमेरिकेतल्या लोकांना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पडला. त्याचे उत्तर तिकडे कसे बदलत गेले, हे पाहिले तर आपल्यालाही दोन गोष्टी शिकता येतील.

प्रथम हे दार सताड उघडे होते. सिनेमा तेव्हा मुका होता. दहा-पंधरा मिनिटांची एक चित्रफीत, की झाला खेळ. दर आठवड्याला नवे खेळ लागत आणि त्यांना गोष्टी लागत. कंपन्या दिसेल त्या पुस्तकातून गोष्ट उचलत. लेखकाला विचारायच्या भानगडीत पडत नसत. १९०७ साली कॅलेम नावाच्या कंपनीने ‘बेन हर’ या गाजलेल्या कादंबरीवर असाच एक छोटा चित्रपट काढला. परवानगी घेतली नाही, मोबदला दिला नाही. कादंबरीकार ल्यू वॉलेस दोन वर्षांपूर्वी वारले होते. पण प्रकाशक आणि वारस कोर्टात गेले. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९११ मध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. पुस्तकातली गोष्ट पडद्यावर दाखवणे म्हणजे तिचे नाटक करण्यासारखेच आहे, त्याला हक्कदाराची परवानगी पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. फुकटचा माल उचलायची सोय संपली. आता नव्या गोष्टी विकत घेणे भाग होते.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात अनिटा लूस नावाची एक तरुणी राहत होती. तिचे वडील नाटकगृह चालवीत आणि तेथे सिनेमेही दाखवीत. तिने एक गोष्ट लिहिली, चित्रफितीच्या डब्यावर बायोग्राफ कंपनीचा पत्ता होता तो उतरून घेतला आणि गोष्ट टपालाने न्यूयॉर्कला धाडून दिली. कोणाची ओळख नाही, शिफारसपत्र नाही. कंपनीने गोष्ट घेतली आणि २५ डॉलर पाठवले. १९१२ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या दिग्दर्शनाखाली त्या गोष्टीवर ‘द न्यूयॉर्क हॅट’ हा चित्रपट निघाला. मेरी पिकफर्ड त्यात नायिका होती. अनिटा लूस पुढे अमेरिकेतली नामांकित लेखिका झाली. तिला अडत्या लागला नाही. टपालाचे तिकीट पुरले.

पण अशी एक बातमी फुटली, की हजारांना घाम फुटतो! कारकून, शाळामास्तर, गृहिणी, दुकानदार, जो तो गोष्टी लिहून कंपन्यांकडे पाठवू लागला. कंपन्यांनी बक्षिसांच्या स्पर्धा लावून ही हौस आणखी वाढवली. आणि जेथे हौस तेथे तिच्यावर पोट भरणारेही आलेच. पटकथा कशी लिहावी हे टपालाने शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. लॉस एंजेलिसची पामर फोटोप्ले कॉर्पोरेशन ही त्यांतली मोठी. १९१८ नंतरच्या काही वर्षांत तिचा फार बोलबाला होता. फी भरून शिकणारे पुष्कळ. पण त्यांतल्या किती जणांची गोष्ट पडद्यावर आली? अगदी थोड्यांची. बी विकणाऱ्याचा धंदा हंगामाआधीच होतो. पीक येवो वा न येवो, त्याला त्याचे काय?

१९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि सिनेमाला वाचा फुटली. नुसत्या कथानकाने भागेना. पात्रांच्या तोंडी शब्द घालायला हवे होते. तेव्हा स्टुडिओवाल्यांनी न्यूयॉर्कहून नाटककार आणि वृत्तपत्रांतले लेखक आणवले आणि त्यांना आठवड्याच्या पगारावर ठेवून घेतले. बाहेरून टपालाने येणाऱ्या गोष्टींची गरज उरली नाही. दार अजून बंद झाले नव्हते, पण पुढे ओढून घेतले गेले होते.

याच काळात एजंटाचा जम बसला. एजंट हा प्राणी सिनेमाहून जुना आहे बरं का. विल्यम मॉरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १८९८ सालीच गाणारे-नाचणारे आणि नकलाकार यांना रंगमंचावर कामे मिळवून देण्याचा धंदा सुरू केला होता. हॉलिवूडमध्ये या धंद्याला दरारा आणला तो मायरन सेल्झनिक या माणसाने. त्याचे वडील चित्रपटनिर्माते होते आणि १९२३ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले होते. मुलगा पुढे एजंट झाला आणि नट, दिग्दर्शक, लेखक यांच्या वतीने त्याच बड्या स्टुडिओंशी हुज्जत घालून दर वाढवून घेऊ लागला. मोबदला शेकडा दहा. लेखकाला आठवड्याला शंभर डॉलर मिळाले तर नव्वद त्याचे, दहा एजंटाचे.

हे दहा टक्के कशाचे, असे कोणी विचारील. एजंटाला बाजार माहीत असतो. कोणत्या स्टुडिओला विनोदी गोष्ट पाहिजे, कोणाला घोडेस्वारांची पाहिजे, कोणाच्या तिजोरीत खडखडाट आहे, हे तो जाणतो. करारातली बारीक अक्षरे तो वाचतो. आणि पैसे थकले तर तगादा लावायला तो जातो. लेखकाला स्वतः जाऊन तोंड वाईट करावे लागत नाही. चांगला अडत्या असला तर शेतकऱ्याला जो आधार वाटतो, तोच हा आधार. स्टुडिओ एकीकडे आणि एकटा लेखक दुसरीकडे, अशा कुस्तीत लेखकाच्या बाजूला कोणीतरी उभे राहणे अवश्य होते.

एकट्या एजंटाने मात्र भागले नाही. १९३३ च्या मंदीत स्टुडिओंनी पगार निम्म्यावर आणण्याचा घाट घातला, तेव्हा लेखकांनी आपला संघ नव्याने बांधला. त्यात बरीच वर्षे झगडा झाला आणि १९४२ मध्ये स्टुडिओंशी पहिला करार झाला. पडद्यावर लेखक म्हणून कोणाचे नाव द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार लेखकांच्या संघाकडे आला. यापूर्वी मालक म्हणेल त्याचे नाव लागत असे! संघ आणि एजंट हे लेखकाचे दोन हात आहेत, हे येथे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता त्या ओढून घेतलेल्या दाराला कडी कशी लागली ते सांगतो. १९४९ च्या नोव्हेंबरात व्हिक्टर डेस्नी नावाच्या लेखकाने बिली वाइल्डर या नामवंत दिग्दर्शकाच्या कचेरीत फोन केला. वाइल्डर भेटले नाहीत, त्यांची सेक्रेटरी भेटली. डेस्नी म्हणाला, १९२५ साली केंटकी राज्यात फ्लॉइड कॉलिन्स नावाचा माणूस गुहेत अडकून मेला आणि वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गाजावाजा केला. त्यावर मी गोष्ट लिहिली आहे. गोष्ट साठांहून अधिक पानांची होती. इतके लांबलचक साहेब वाचणार नाहीत, असे सेक्रेटरीने सांगितले. डेस्नीने गोष्ट आखूड केली, दोन दिवसांनी पुन्हा फोन केला आणि सारांश वाचून दाखवला. तिने तो लघुलिपीत उतरून घेतला. गोष्ट वापरली तर मला पैसे मिळाले पाहिजेत, असेही त्याने बजावले, आणि ते तर मिळतीलच, असे उत्तर त्याला मिळाले, असे त्याचे म्हणणे होते.

१९५१ मध्ये वाइल्डर यांचा ‘एस इन द होल’ हा चित्रपट आला. गुहेत अडकलेला माणूस आणि त्याच्या जिवावर आपली बातमी पिकवणारा वार्ताहर, असे त्याचे कथानक. डेस्नीने दावा लावला. खालच्या कोर्टाने तो चालवण्याजोगाच नाही असे ठरवले. पण १९५६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: नुसती कल्पना ही कोणाच्या मालकीची नसते, आणि कोणतीही अट न घालता जो ती बोलून टाकतो त्याने मागाहून कोणाला दोष देऊ नये. पण वापराल तर पैसे द्याल, या अटीवर ती सांगितली आणि समोरच्याने ती अट जाणून ऐकून घेतली, तर कागदावर सही नसली तरी करार झाला असे धरता येते. दावा पुन्हा चालायचा होता. पण त्याआधीच पक्षांनी आपसांत तडजोड केली.

लेखकाच्या दृष्टीने हा न्यायच होता. पण न्यायाची सावली कोठे पडली पाहा. अशा दाव्यांचा स्टुडिओंनी धसका घेतला. उद्या कोणीही उठून म्हणेल, ही गोष्ट मी तुम्हांला पाठवली होती! मग त्यांनी सोपा उपाय काढला. अनोळखी माणसाचे पाकीट उघडायचेच नाही. जसे आले तसे परत पाठवायचे, बरोबर छापील चिठ्ठी, की आम्ही अशी हस्तलिखिते स्वीकारत नाही, एजंटामार्फत पाठवा. नाहीतर, दावा करणार नाही असे आधी लिहून द्या. न वाचल्याचा पुरावा म्हणून पाकिटाची चिकटपट्टी शाबूत पाहिजे! ज्या कायद्याने लेखकाचे रक्षण केले, त्याच्याच धाकाने नवख्या लेखकाचा कागद वाचणे बंद झाले. अनिटा लूसचे पाकीट या काळात आले असते, तर न फुटता सॅन डिएगोला परत गेले असते.

तेव्हापासून एजंट ही सोय राहिली नाही, ती वेस झाली. आणि वेशीवर नवख्याची गत काय झाली? तो एजंटाकडे गेला, तर एजंट विचारतो, आजवर तुमचे काय विकले गेले आहे? विकले काहीच नाही, कारण स्टुडिओ एजंटाशिवाय वाचत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही! त्यात एजंटाचे पोट दहा टक्क्यांवर. चार लाख डॉलरच्या लेखकासाठी फोन केला तर चाळीस हजार सुटतात. ही रक्कम मी हवेतून घेतलेली नाही. विल्यम गोल्डमन यांच्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ या पटकथेला चार लाख डॉलर मिळाले आणि तो चित्रपट १९६९ मध्ये निघाला. नवख्यासाठी तोच फोन केला, तर बहुधा काहीच सुटत नाही. म्हणून नवख्याचा कागद टेबलाच्या कोपऱ्यात पडून राहतो. यात दुष्टपणा नाही, हिशेब आहे. पण ज्याचा कागद पडून राहतो, त्याचे आयुष्य त्यात जाते.

कागदापेक्षा तो कोणाच्या हातून आला यालाच बाजारात किंमत असते, याचा एक विलक्षण दाखला सांगतो. १९४७ मध्ये अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांची चौकशी सुरू झाली. साक्ष द्यायला नकार देणाऱ्या दहा जणांत डाल्टन ट्रंबो हे नामांकित पटकथालेखक होते. त्यांना तुरुंगवास झाला आणि स्टुडिओंनी त्यांचे नाव वाळीत टाकले. त्यांनी लिहिणे थांबवले नाही. ‘रोमन हॉलिडे’ची कथा त्यांची; पण ती इयन मॅकलेलन हंटर या मित्राच्या नावावर गेली आणि १९५३ च्या चित्रपटांत कथेचे ऑस्कर तिला मिळाले. पुढे ‘द ब्रेव्ह वन’ या चित्रपटाच्या कथेलाही ऑस्कर मिळाले, ते रॉबर्ट रिच या नावाने. रिच नावाचा लेखकच नव्हता, तेही ट्रंबोच! लेखणी तीच, शाई तीच. स्वतःच्या नावाने जो कागद कोणी हातात धरला नसता, तोच दुसऱ्याच्या नावाने बक्षीस घेऊन आला. १९६० मध्ये ट्रंबो यांचे नाव पुन्हा पडद्यावर झळकले.

या वाईट दिवसांत कित्येकांनी वाळीत पडलेल्या लेखकांकडे पाठ फिरवली. पण इंगो प्रेमिंजर नावाचा एजंट ट्रंबो आणि रिंग लार्डनर यांच्यासारख्यांचे काम पाहत राहिला. त्याच प्रेमिंजरने पुढे ‘मॅश’ हा चित्रपट काढला, तो १९७० मध्ये आला, आणि पटकथा दिली लार्डनर यांना. तिला ऑस्कर मिळाले. तेव्हा अडत्या म्हटला की तो वाईटच, असे समजू नका. प्रश्न माणसाचा आहे, तसाच त्याचा फायदा कशात आहे याचाही आहे.

अडत्याच खरेदीदार झाला तर शेतकऱ्याने कोणाकडे पाहावे? हॉलिवूडमध्ये हे दोनदा घडले. ज्यूल्स स्टाइन या नेत्रवैद्याने १९२४ मध्ये शिकागोत काढलेली एम. सी. ए. ही संस्था बँडवाल्यांना कामे मिळवून देता देता सर्वांत बलाढ्य एजन्सी झाली. मग ती स्वतःच दूरचित्रवाणीचे कार्यक्रम तयार करू लागली. म्हणजे कलावंताला विकणारी तीच आणि विकत घेणारीही तीच! १९६२ मध्ये अमेरिकन सरकारच्या न्याय खात्याने हात घातला आणि संस्थेला एजंटाचा धंदा सोडावा लागला.

दुसरी वेळ अलीकडची. मोठ्या एजन्सी लेखक, दिग्दर्शक, नट यांची मोट बांधून ती निर्मात्याला विकू लागल्या आणि त्याबद्दल निर्मात्याकडूनच रक्कम घेऊ लागल्या. लेखकाला वरवर बरे वाटे, कारण त्याचे दहा टक्के वाचत. पण लेखकाचा दर चढो की उतरो, एजंटाचा लाभ आता त्यावर अवलंबून नव्हता. तो वेगळ्याच पिशवीतून येत होता. लेखकांच्या संघाने याला हरकत घेतली आणि एप्रिल २०१९ मध्ये सात हजारांहून अधिक लेखकांनी आपापल्या एजंटांना पत्रे देऊन काम सोडायला सांगितले. ज्या एजंटासाठी नवखे वर्षानुवर्षे उंबरे झिजवतात, त्याला हजारोंनी एकदम नारळ दिला! त्या दिवसांत जुन्या लेखकांनी नव्यांचे कागद वाचले आणि शिफारसी केल्या. झगडा जवळजवळ दोन वर्षे चालला. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेवटच्या मोठ्या एजन्सीनेही सही केली आणि मोट बांधून रक्कम घेण्याची पद्धत २०२२ च्या मध्यापर्यंत बंद करण्याचे ठरले. संघ आणि एजंट हे दोन हात आहेत असे मघाशी म्हटले ते यासाठी. एक हात चुकू लागला, तेव्हा दुसऱ्याने त्याला धरले.

वेस मात्र अजून आहे. तिला बगल देणाऱ्या काही वाटा निघाल्या आहेत. १९८६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नवख्या पटकथालेखकांसाठी निकोल शिष्यवृत्ती सुरू केली. २००५ मध्ये फ्रँकलिन लिओनार्ड या तरुणाने, अजून पडद्यावर न आलेल्या कोणत्या पटकथा तुम्हांला आवडल्या, असे आपल्या धंद्यातल्या माणसांना विचारून त्यांची यादी केली. ती दर वर्षी निघू लागली. अशा ठिकाणी नाव आले, की एजंट आपण होऊन चौकशी करतो. म्हणजे कागद आधी कोणीतरी वाचावा लागतो, मग अडत्या येतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या सिनेमात हा अडत्या फारसा रुजला नाही. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर प्रभातने १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला, वि. स. खांडेकरांनी १९३६ मध्ये ‘छाया’ची कथा लिहिली. हे लेखक नावाजलेले होते, कंपन्याच त्यांच्याकडे गेल्या. ज्याचे नाव झालेले नाही, त्याला ओळखीपाळखी काढत स्टुडिओच्या फाटकाशी ताटकळावे लागले. मुंबईत चित्रपटलेखकांची संघटना आहे. १९६० मध्ये तिची कामगार संघटना म्हणून नोंदणी झाली आणि सभासदाला आपली पटकथा तेथे नोंदवून ठेवता येते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर चित्रपटाचा जो वापर होतो, त्यातला लेखकाचा मानधनाचा वाटा त्याच्याकडून लिहून घेऊन काढून घेता येत नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. लेखकांच्या वतीने बोलणी करणाऱ्या संस्थाही अलीकडे मुंबईत निघाल्या आहेत.

तेव्हा ज्याच्या कपाटात अशी वही असेल, त्याने या इतिहासातून इतके घ्यावे. गोष्ट तोंडी सांगण्याआधी ती पुरी लिहून काढावी, तिची प्रत तारखेसह जपावी आणि नोंदणी करावी. डेस्नीचे भांडण अटीवर उभे राहिले, हे विसरू नये. कोणाला दाखवली, केव्हा दाखवली आणि काय ठरले, हे पत्रात लिहून ठेवावे. वाचण्यासाठी किंवा सिनेमा मिळवून देण्यासाठी जो आगाऊ पैसे मागतो, त्याला लांबूनच नमस्कार करावा. खरा अडत्या माल विकला गेल्यावर आपला हिस्सा घेतो, आधी नाही. आणि शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गातल्या एखाद्या पोराने चार पाने खरडून तुमच्या टेबलावर ठेवली, तर ती बाजूला सारू नका. त्याच्याकडे एजंट नाही, ओळख नाही. त्याचे पहिले वाचक तुम्हीच आहात. ती पाने आजच्या आज वाचा आणि काय वाटले ते त्याला सांगा.